पहाटेची सायकल, बिबट्या आणि अस्वलासाठी मागवलेली घंटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर्षभरापूर्वी नोकरीसाठी नाशकात आलात. पहिली पाळी नसेल त्या दिवशी पहाटे पावणेपाचला डोंगरी सायकल काढून गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला नाहीतर चामरलेणीकडे जाता. रविवारी अंजनेरी किंवा रामशेज, आणि बरोबर धावायला तुमचा कुत्रा शेरू. मागच्या आठवड्यात ओल्या मातीत पंजाचे ठसे दिसले. मग रात्र जागून परदेशी व्हिडिओ पाहिले, ते सगळे अस्वलांचे निघाले. ते बघून हँडलला बांधायची घंटी आणि मिरचीचा फवारा मागवलात. आता विचारताय, की जनावर समोर आलं तर आडवं पडायचं की ओरडायचं, वनखात्याला पिंजरा लावायला सांगायचा का, ऑक्टोबरात ग्रुपबरोबर उत्तराखंडला जाणार आहात तिथल्या खऱ्या अस्वलांचं काय, आणि बायको म्हणते तसं हे सगळं बंदच करावं का.

मी बावीस-तेवीस वर्षं या भागात फिरतोय, त्यातली निम्मी सायकलवर. बचाव पथकाला हात कमी पडले की जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. म्हणजे दोरी धरणारा आणि गर्दी मागे हटवणारा. पशुवैद्य किंवा शास्त्रज्ञ नव्हे. त्या बेतानंच वाचा.

तुम्ही ज्या वाटांवर फिरता तिथे अस्वलाची काळजी करायचं कारण नाही. आमच्या पिढीनं नाशकात अस्वल पाहिलं ते पंचवटीत, दरवेशाच्या दोरीला बांधलेलं. राज्यात अस्वलाचा मुलूख म्हणजे मेळघाट, ताडोबा, गोंदिया-गडचिरोली, बुलढाण्याचं ज्ञानगंगा. आपल्याकडे आहे तो बिबट्या. आणि घोटाळा इथेच होतो, कारण अस्वलासाठी दिलेला एक सल्ला, पालथं पडून निपचित राहायचा, बिबट्यासमोर अमलात आणलात तर त्याचं काम सोपं कराल. तेव्हा जनावर कोणतं हे आधी ठरवायचं, मग उपाय.

आता तो ठसा. तुम्ही लिहिलंय की चार बोटं होती आणि बोटांपुढे नखांची टोकं उमटली होती. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे बिबट्याच्या ठशात नखं सहसा दिसत नाहीत. बोटं गोलसर असतात आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन फुगवटे असतात. नखं दिसत असतील तर बहुतेक कुत्रं, नाहीतर तरस. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो, आणि त्याला बिबट्या समजून आख्खी वस्ती रात्रभर जागलेली मी पाहिली आहे. घसरड्या चिखलात बिबट्याही नखं रोवतो, त्यामुळे फोटो न बघता पैज लावणार नाही. पण तुमचा ठसा तरसाचा निघाला तरी बिबट्या आहेच, असं धरूनच घरातून निघा. मी तसाच निघतो.

कारण आकडे तेच सांगतात. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांमध्ये कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्या शेतपट्ट्यात जंगल जवळजवळ नाही, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात, आणि तरीही दर १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे निघाले. सिन्नर, निफाड, दिंडोरीचा ऊस-द्राक्षांचा पट्टा यापेक्षा फार वेगळा नाही. म्हणजे वर्षभरात तुम्ही बऱ्याच वेळा बिबट्याच्या जवळून गेला असाल. त्यानं तुम्हाला पाहिलं असेल, आणि तो बसून राहिला असेल.

आणखी एक उदाहरण देतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला काढून, गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बसवून माळशेज घाटात सोडलं. तो चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. शंभराहून अधिक किलोमीटर. वाटेत गावं, महामार्ग, लोहमार्ग, सगळं आलं, पण कुणा माणसाला त्यानं हात लावला नाही. हे सांगायचा हेतू बिबट्याला साधू ठरवण्याचा नाही. २०२० साली आपल्याच दारणाकाठच्या गावांत माणसांवर हल्ले झाले, लहान मुलं गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे तिथे आपण सायकल चालवतो.

त्र्यंबक, इगतपुरी, अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी गुराखी वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. त्या लोकांबरोबर मी बराच हिंडलो आहे. ते वाघराला, म्हणजे बिबट्याला, घाबरत नाहीत असं नाही, पण त्यांचं वागणं ठरलेलं असतं: दिवस मावळायच्या आत गुरं गोठ्यात, आणि कारवीतून जाताना तोंड बंद ठेवायचं नाही. मी जे पुढे सांगणार आहे त्यातलं अर्धं तिथूनच उचललेलं आहे.

पहिली गोष्ट वेळ. तुमची पावणेपाचची वेळ ही सगळ्यांत वाईट. बिबट्या मुख्यतः रात्री आणि दोन्ही संधिप्रकाशात हिंडतो. तुम्ही घरून निघता तेव्हा त्याची पाळी संपलेली नसते. थंडीत नाशकात सातच्या सुमारास उजाडतं, उन्हाळ्यात सहाला. नीट उजाडल्यावर अर्ध्या तासानं डोंगराच्या वाटेला लागा. तोवर व्यायाम हवाच असेल तर दिवे असलेल्या डांबरी रस्त्यावर करा. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला की परतीच्या रस्त्यावर असा, वाटेवर नको. मला कुणी एकच बदल विचारला तर हाच सांगेन. बाकीचं सगळं याच्यापुढे किरकोळ.

दुसरं, जागा आणि हंगाम. बिबट्याला आडोसा, पाणी आणि खाणं लागतं, आणि उसात तिन्ही मिळतं. ऊस वर्षभर उभा असतो, माद्या तिथेच वितात. ऑक्टोबर-नोव्हेंबरापासून तोडणी सुरू झाली की हा आडोसा आठवड्याआठवड्यानं कमी होत जातो. मादी पिल्लं घेऊन जागा बदलते आणि दिवसाउजेडीही हलते. त्या दिवसांत चांदोरी-सायखेड्याकडे, गोदाकाठानं, कडवाकाठानं सायकल नेणार असाल तर उसाला चिकटून जाणारी बैलगाडीवाट टाळा, मधला रस्ता घ्या. मेलेल्या शेळीचा किंवा कुत्र्याचा वास आला, माकडं किंवा मोर एकाच जागी ओरडत राहिले, तर थांबून अंदाज घ्यायचा आणि सरळ परत फिरायचं. पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, फोटोसाठी उचलायचं तर मुळीच नाही. आई जवळ असते. वनखात्याचे लोक अशी पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि रात्रीतून आई घेऊन जाते, हे मी अनेकदा पाहिलंय.

तिसरी गोष्ट वेग, आणि ही खास सायकलवाल्यांची. चालणारा माणूस वाजतो. बूट वाजतात, धाप लागते, गप्पा चालतात. उतारावर येणारी सायकल जवळजवळ बिनआवाजाची असते आणि पायी चालणाऱ्याच्या पाचपट वेगानं येते. २०१६ साली अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ, एक अनुभवी सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळला आणि अस्वलानं त्याला मारलं. चौकशीत निघालं ते असं, की वळणापलीकडचं दिसत नव्हतं, वेग होता, आणि दोघांनाही सावरायला जेमतेम एक-दोन सेकंद मिळाले. तुम्ही पाहिलेल्या परदेशी व्हिडिओंतली आपल्याला जशीच्या तशी लागू पडणारी गोष्ट ही. जनावर कोणतंही असो, दचकवलं की ते पळण्याआधी अंगावर येऊ शकतं. म्हणून आंधळ्या वळणाआधी ब्रेक, आणि तोंडानं आवाज. मी 'होओओ' करतो. मित्र हसतात. हसू देत.

आवाजाबद्दल घंटीचा प्रश्न आलाच. बारीक किणकिण पुढे फार लांब जात नाही, आणि अस्वलांच्या देशातले जाणकारही घंटीपेक्षा माणसाच्या बोलण्यावर भर देतात. आपल्याकडे तर आणखी एक अडचण. शेळ्यांच्या गळ्यातही घंटीच असते. बिबट्या घंटी ऐकून जेवायला येतो असा माझा दावा नाही, पण 'माणूस येतोय' हे त्याला माणसाच्या आवाजातूनच नीट कळतं. रात्री पाणी भरायला जाणारे शेतकरी मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जातात ते याचसाठी. स्पीकरवर लावा. कानात घालून मात्र नाही.

ही कानात घालण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. दहा-बारा वर्षं झाली. फेब्रुवारीतली संध्याकाळ, चांदोरीहून परत येत होतो. उसाच्या कडेनं जाणाऱ्या वाटेवर चेन उतरली. उन्हं गेलेली. मी सायकल उलटी केली, उकिडवा बसलो, पाठ उसाकडे, कानात गाणी. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत पाचट वाजल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर पंधरा-वीस पावलांवर बिबट्या बसलेला, पुढचे पाय पोटाखाली घेऊन, माझ्याकडे बघत. मी ताठ उभा राहिलो. आत्तापर्यंत शिबिरांत लोकांना काय काय शिकवलं होतं, त्यातलं काहीही आठवलं नाही. तोंडातून निघालं ते 'हाड!', कुत्र्याला करतात तसं. तो उठला, मला एकदा नीट बघून घेतलं आणि सावकाश उसात गेला. जवळच्या वस्तीवरच्या बाबांनी मला पाणी दिलं आणि दोन शिव्याही. त्या पट्ट्यातला अर्धा ऊस त्याच दिवशी तोडला होता. मी विचारलं असतं तर त्यांनी येतानाच सांगितलं असतं.

यातून घ्यायचं ते असं. उभा माणूस बिबट्याच्या भक्ष्याच्या मापात बसत नाही. बसलेला, वाकलेला माणूस आणि लहान मूल बसतं. उसात वाकून काम करणारे, उघड्यावर शौचाला बसलेले, अंगणात खेळणारी मुलं यांना धोका जास्त असतो तो त्यामुळे. पंक्चर काढायचं असेल तर सायकल हातानं ढकलत मोकळ्या माळावर न्या, पाठ झाडाला किंवा बांधाला लावा, दोघं असाल तर एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं उभं राहून बघत राहायचं.

बरं, एवढं करूनही समोर आलाच तर? सायकलवर असाल तर थांबा आणि उतरा. जोरात पेडल मारून निसटायचा मोह होतो, पण पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं हे मांजराच्या रक्तात आहे आणि खडबडीत वाटेवर तुम्ही त्याच्यापेक्षा वेगात जाणार नाही. सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरा. ताठ उभे राहा, हात वर करा, मोठ्या आवाजात बोला. काय बोलता याला महत्त्व नाही. पाठ फिरवू नका. तो ज्या बाजूला जाऊ बघतोय ती बाजू मोकळी ठेवून हळूहळू मागे सरका. लहान मूल बरोबर असेल तर ते उचलून घ्या, पण घेताना कमरेतून वाकू नका; नजर समोर ठेवून गुडघ्यात बसल्यासारखं करून उचला. तो नुसता बसून बघत असेल तर दगड मारू नका. निघून जाणाऱ्याला निघून जाऊ द्यावं.

फार क्वचित, पण अंगावर आलाच तर आडवं पडायचं नाही. हे मी तिसऱ्यांदाही लिहायला तयार आहे. मान वाचवायची, सायकल, पाठपिशवी, पंप, दगड, जे हाती येईल ते त्याच्या नाकाडोळ्यांवर मारायचं, ओरडत राहायचं. तुमच्या डोक्यावर हेल्मेट आणि पाठीवर पिशवी असते, ही पायी चालणाऱ्यापेक्षा जमेची बाजू. म्हणून चालत चढतानाही हेल्मेट काढून हँडलला अडकवू नका.

मिरचीच्या फवाऱ्याबद्दल माझं मत थंड आहे. उत्तर अमेरिकेत अस्वलांसाठी बनवलेले मोठे डबे सहा ते नऊ मीटरपर्यंत ढग सोडतात, आणि तिथे ते उपयोगी ठरले आहेत. बाजारात स्वसंरक्षणासाठी मिळणारी छोटी बाटली म्हणजे ते नव्हे. शिवाय ती बहुतेकांच्या पिशवीच्या तळाशी असते, आणि अंजनेरीच्या पठारावर वारा कुठून येईल ते सांगता येत नाही. स्वतःच्या डोळ्यांत गेलं की आणखी एक संकट. आणलीच आहे तर छातीच्या पट्ट्याला अडकवा, पण तिच्या भरवशावर वेळ बदलू नका.

जखम झाली, ओरखडा का असेना, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सिव्हिल किंवा मोठं हॉस्पिटल गाठायचं. कुठल्याही सस्तन प्राण्याच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो, आणि रक्त आलेल्या जखमेला नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, द्यावं लागतं. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. रुग्णवाहिकेला १०८, वनखात्याला १९२६. भरपाईसाठी पंचनामा लागतो, म्हणून वनखात्याला त्याच दिवशी कळवलेलं बरं.

गर्दीबद्दल दोन शब्द, कारण माझा बहुतेक अनुभव तिथलाच. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हाचे व्हिडिओ तुम्ही शोधून बघा. सगळीकडून माणसं, मोबाइल वर धरलेले, आणि कोंडलेलं जनावर वाट शोधत धावतंय. बघायला आणि टिपायला गेलेल्यांपैकीच काही जण जखमी झाले. वाटेवर एकटा भेटलेला बिबट्या परवडला, गल्लीत घेरलेला नको. 'अमुक ठिकाणी बिबट्या दिसला' असा मेसेज आला की सायकल तिकडे वळवायची नाही.

आता शेरू. हे वाचून वाईट वाटेल, पण त्याला डोंगरावर नेणं बंद करा. त्याच अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे शेळ्यांहून कितीतरी जास्त. तुम्ही राखण म्हणून जो बरोबर नेता तो बिबट्याच्या लेखी डबा आहे. आणि घाबरलेलं कुत्रं पळून येतं ते मालकाच्या पायांत, मागच्या पाहुण्याला घेऊन.

पिंजऱ्याची मागणी करू नका. ठसा दिसणं किंवा बिबट्या दिसणं हे पिंजऱ्याचं कारण होऊ शकत नाही. जुन्नर भागात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, हेही डॉ. अत्रेय यांच्याच अभ्यासातून पुढे आलं. जुना बिबट्या त्या भागातली माणसं, कुत्री, वाटा ओळखून असतो. तो गेला की जागा रिकामी राहत नाही, आणि उचलून नेलेला नव्या ठिकाणी बावरलेला असतो. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय वनखात्याचा. तुम्ही वनरक्षकाला ठशाची जागा आणि वेळ कळवा, तेवढं पुरे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: उजाडल्यावर निघा, उसाच्या आणि नाल्याच्या कडेला रेंगाळू नका, वळणावर ब्रेक आणि आवाज, वाकून बसू नका, समोर आला तर उभे राहा आणि मागे सरका, कुत्रं घरी.

आणि एक पोटप्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. या डोंगरांवर मला स्वतःला सगळ्यांत जास्त पळवलंय ते बिबट्यानं नव्हे, आग्यामाश्यांनी. किल्ल्यांच्या कड्यांना, लेण्यांच्या कपारींना पोळी लटकलेली असतात. उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड यांनी त्या उठतात. वर सांगितलेलं 'मोठ्यानं बोला' कड्याखाली पोळं दिसलं की लगेच बंद करायचं. माश्या उठल्या तर मात्र पळायचं, तोंड झाकून, लांबपर्यंत. दुसरी भीती वस्त्यांवरच्या कुत्र्यांची. तिथेही उतरून सायकल मध्ये धरणं हाच उपाय. पाय वर घेऊन वेग वाढवलात की पडणार तुम्हीच.

उत्तराखंडकडे येतो. इथे तुमचे व्हिडिओ थोडेफार कामाला येतील, पण तेही निवडून. तिथे तुम्हाला भेटू शकतं ते हिमालयी काळं अस्वल, छातीवर पांढरट चंद्रकोर असलेलं. फार उंचावर तपकिरी अस्वलही आहे, पण गावांजवळच्या रानवाटांवर प्रश्न काळ्याचा. ऑक्टोबर म्हणजे त्याचा थंडीआधी चरबी साठवायचा काळ. बांजाची (तिकडच्या ओकची) फळं, शेतातलं मकं-मंडुवा (नाचणी), जे मिळेल ते खात असतं आणि त्यासाठी गावाच्या कडेला येतं. तिथेही वेळेचा नियम तोच, पहाट आणि तिन्हीसांज टाळा. आंधळ्या वळणांचा नियम तर दुप्पट कडक, कारण खाण्यात गुंतलेल्या अस्वलाचं लक्ष नसतं आणि झऱ्याच्या आवाजात तुमची चाहूल बुडते. तंबूत खाऊ ठेवू नका. चिक्कीचं रिकामं पाकीटसुद्धा नाही. स्वयंपाक तंबूपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

लांबून दिसलं तर थांबा, हळू आवाजात बोलत मागे या. पिल्लं दिसली तर आई कुठे आहे हे शोधत बसू नका, आल्या वाटेनं परत. झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा बरं चढतं. आणि आपल्याकडे सर्रास सांगतात, की उताराच्या दिशेनं पळावं, कारण अस्वलाचे केस डोळ्यांवर येतात आणि त्याला दिसत नाही. हे साफ खोटं आहे. उतारावरही ते माणसाला सहज गाठतं.

लहानपणी आपण सगळ्यांनी दोन मित्रांची आणि अस्वलाची गोष्ट ऐकली आहे, श्वास रोखून पडलेला मित्र वाचतो ती. मेल्याचं सोंग घेतलं म्हणून अस्वल सोडून देतं, असा तिचा अर्थ घेऊ नका. दचकलेलं अस्वल धोका दूर करायला हल्ला करतं, खाण्यासाठी सहसा नाही, आणि त्याचा रोख चेहऱ्यावर आणि डोक्यावर असतो. म्हणून धडक टळत नाही असं दिसलं तर पालथं पडायचं, चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, पिशवी पाठीवर तशीच, हेल्मेट डोक्यावर. पाय थोडे फाकवून ठेवले तर ते सहजी उलटवू शकत नाही. जपानमध्येही याच जातीची अस्वलं आहेत आणि तिथेही पालथं पडून मान-डोकं झाकायलाच सांगतात. विदर्भातल्या आपल्या अस्वलासाठीही मी हेच करेन. ते नजरेनं अधू, वारुळं उकरण्यात गुंग, आणि मार्च-एप्रिलात मोहाखाली हमखास सापडणारं. तिथे पहाटे सायकल चालवायला मी जाणारच नाही.

तुमच्या व्हिडिओत 'काळं अस्वल असेल तर उलट मारा' असं सांगितलं असेल. ते अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाबद्दल. नाव सारखं असलं तरी जात वेगळी आणि स्वभावही वेगळा. उत्तराखंडात पोचल्यावर ज्या गावातून वाट सुरू होते तिथे चहा प्यायला थांबा आणि विचारा, गेल्या आठवड्यात 'भालू' कुठे दिसला. तो चहा माझ्या या सगळ्या उत्तरापेक्षा जास्त उपयोगाचा. फवाऱ्याचा डबा विमानात हातातल्या सामानात चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

राहता राहिला वहिनींचा प्रश्न. बंद करू नका, असं मी म्हणेन, पण त्यांची काळजी फुकाची नाही. पावणेपाचला एकटं, कानात गाणी, बरोबर कुत्रं, हे त्यांनी बंद करायला सांगितलं असेल तर त्या बरोबर आहेत. सात वाजता दोघा-तिघांनी जाणं, निघताना कोणत्या वाटेनं जाणार ते घरी सांगणं आणि परतायची वेळ पाळणं, एवढ्यावर तडजोड होते का बघा. आमच्या घरी झाली. परतायला अर्धा तास उशीर झाला की फोन येतो, आणि डोंगरात रेंज नसली तर घरी आल्यावर बोलणी बसतात.

ठशाचा फोटो असेल तर टाका, शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवून काढलेला असेल तर उत्तम. घंटी परत पाठवू नका. कॉलेज रोडला संध्याकाळी सहा वाजता तिचा उपयोग होईल.